दारफाळणीचा सण पहिल्यांदा पाळताना: योम किपूरची तयारी, उपास आणि शिळा सण

‘उद्या माझा उपास आहे’ असे ऑफिसात सांगितले, की शेजारच्या टेबलावरून हमखास प्रश्न येतो, ‘मग साबुदाण्याची खिचडी चालते ना?’ योम किपूर या ज्यू सणाच्या उपासाला खिचडी चालत नाही, वरी चालत नाही, चहा चालत नाही आणि पाण्याचा घोटही चालत नाही. मराठीत ‘उपास’ हा शब्द इतका सैल झाला आहे, की नव्या माणसाची पहिली फसगत तिथेच होते. हा उपास निर्जळी आहे, तो सुमारे २५ तासांचा आहे, आणि खरे सांगायचे तर या दिवसाचा तो सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या दहा दिवस आधी सुरू होतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

हे लिहिण्याचे कारण असे. मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातली. परंतु बाबांच्या बदलीच्या नोकरीमुळे ज्या गावांत वाढले, त्यांपैकी एकाही गावी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) नव्हते. घरी त्या दिवशी आई-बाबा उपास करत आणि आम्ही भावंडे हळू आवाजात खेळत असू, एवढीच माझी ओळख. नोकरीनिमित्त ठाण्याला आत्याकडे राहू लागले, तेव्हा चोविसाव्या वर्षी मी हा दिवस पहिल्यांदा संपूर्ण पाळला आणि एका दिवसात जितक्या चुका करता येतात तितक्या केल्या. आज अनेक तरुण मुले-मुली अशीच दूर वाढलेली आहेत, काही जण लग्न करून या समाजात आले आहेत. त्यांना निदान त्याच चुका पुन्हा कराव्या लागू नयेत.

नावाविषयी थोडेसे. योम किपूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याची १० तारीख. कोकणातले आपले पूर्वज त्याला दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशी ते आधी गरम आणि मग थंड पाण्याने स्नान करीत, पांढरे कपडे घालीत, घराचे दार लावून आत बसत आणि बाहेरच्या कोणाला शिवत वा बोलत नसत. गंमत अशी, की सिनेगॉगमधील या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नाव ‘नेईला’ आहे, आणि त्याचाही अर्थ दार बंद होणे असाच आहे. मला हे नाव मूळ हिब्रू नावापेक्षा अधिक आवडते, कारण दार लावून घेण्याआधी कोणकोण बाहेर राहिले आहे हे बघावे लागते.

१. तारीख आणि वेळ आधी नक्की करा

हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जी तारीख छापलेली असते तिच्या आदल्या संध्याकाळीच उपास सुरू झालेला असतो. ही चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतोच. २०२६ मध्ये योम किपूर सोमवारी, २१ सप्टेंबरला आहे; म्हणजे उपास रविवारी, २० सप्टेंबरच्या सूर्यास्तापूर्वी सुरू होईल आणि सोमवारी चांदण्या दिसल्यावर संपेल. २०२७ मध्ये हा दिवस ११ ऑक्टोबरला, पुन्हा सोमवारीच येतो.

इंटरनेटवर वेळ पाहताना आपले शहर निवडले आहे ना, हे तपासा. दुसऱ्या देशातील शहराच्या वेळेवर विसंबून अर्धा तास उशिरा जेवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. मुंबई-ठाण्यात सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साधारण साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या आसपास रात्र धरली जाते. नेमकी वेळ मात्र तुमच्या सिनेगॉगने दिलेलीच पाळा.

रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा, कारण ही सार्वजनिक सुटी नाही. २०२५ मध्ये योम किपूर नेमका २ ऑक्टोबरला आला, गांधी जयंती आणि दसरा त्याच दिवशी, त्यामुळे रजा मागावीच लागली नाही. असा योग नेहमी येत नाही. उलट २०२६ मध्ये तो गणेशोत्सवात येतो, आणि २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सात दिवसांच्या गणपतींचे विसर्जन असेल. सिनेगॉगला जाण्यासाठी त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन तास आधी निघालात तरी ते फार आधी ठरणार नाही.

२. माफी मागण्याचे काम दहा दिवस आधी सुरू करा

रोश हशाना, म्हणजे हिब्रू नववर्ष, ते योम किपूर हे दहा दिवस ‘तशुवा’चे, म्हणजे मागे वळण्याचे. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनच्या ज्यूंच्या, पद्धतीत (आणि आपली उपासना त्याच पद्धतीची आहे) त्याआधीचा संपूर्ण एलुल महिना पहाटे सलिहोत (क्षमायाचनेची स्तोत्रे) म्हटले जातात. पहाटेच्या प्रार्थनांना जाणे सगळ्यांना जमतेच असे नाही. पण या दिवसांतले एक काम टाळता येत नाही.

मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे, की देवाविरुद्ध केलेल्या चुका योम किपूर धुऊन काढतो, परंतु माणसाने माणसाविरुद्ध केलेली चूक, ज्याला दुखावले त्याची समजूत घातल्याशिवाय धुतली जात नाही. म्हणजे २५ तास उपाशी राहून, छाती बडवून, अश्रू ढाळूनही शेजाऱ्याचे अडवून ठेवलेले पैसे किंवा भावाशी धरलेला अबोला तसाच उरतो. तो हिशेब संध्याकाळच्या आधी आपण स्वतः मिटवायचा असतो.

पहिल्या वर्षी मी काय केले ते सांगते. उपासाच्या आदल्या रात्री फोनवर एक सुबक मजकूर लिहिला, ‘वर्षभरात कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी’, आणि तो एकदम साठ-सत्तर जणांना पाठवून दिला. जोडलेल्या हातांची चित्रे परत आली, मला हलके वाटले. दहा मिनिटांनी धाकट्या काकूंचे उत्तर आले. त्यात तीनच शब्द होते: ‘नक्की कशाबद्दल, बाळा?’ मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. कशाबद्दल, हे मला पक्के ठाऊक होते. काका दवाखान्यात असताना मी एकदाही भेटायला गेले नव्हते, आणि ‘कामात होते’ असे सांगितले होते, ते खोटे होते. तेवढे एक वाक्य लिहायला मला रात्रीचा एक वाजला.

म्हणून माझा आग्रह असा, की सामूहिक संदेश पाठवू नका. कागद घ्या आणि नावे लिहा. पाच-सहांहून अधिक नावे लिहिली जात असतील तर बहुधा तुम्ही औपचारिकता म्हणून लिहीत आहात. एकही सुचत नसेल तर घरच्यांना विचारा, ते लगेच सांगतील. प्रत्येक नावापुढे काय घडले ते एका वाक्यात लिहा. मग भेटा, निदान फोन करा, आणि ते वाक्य उच्चारा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी सुरुवात करू नका, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. पैसे किंवा वस्तू देणे असेल तर आधी ती परत करा आणि मग तोंड उघडा. समोरच्याने माफ केले नाही तर पुन्हा जायचे. परंपरा तीन वेळा जायला सांगते, तेही शक्यतो मध्ये काही काळ सोडून, म्हणूनच शेवटच्या रात्री सुरुवात केली तर वेळ पुरत नाही. आणि कोणी तुमच्याकडे माफी मागायला आले, तर त्याला फार ताटकळत ठेवू नका.

याच दिवसांत ऐपतीप्रमाणे दान वेगळे काढून ठेवतात.

३. शरीराची तयारी करा, आणि उपास करायचा की नाही हे आधी ठरवा

पहिल्या वर्षी सकाळी अकराच्या सुमारास माझे डोके असे दुखू लागले, की मला वाटले भुकेने घेरी येते आहे. आत्याने हात कपाळावर ठेवला आणि विचारले, ‘रोज किती कप घेतेस?’ मी म्हटले, पाच. ‘मग ही भूक नव्हे, हा चहा बोलतोय.’ उपासात मोडून पडणारी निम्मी माणसे चहा-कॉफीमुळे पडतात. म्हणून आठ-दहा दिवस आधीपासून रोजचा एकेक कप कमी करा आणि शेवटचे दोन दिवस जवळजवळ शून्यावर या. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असलेल्यांनाही हेच लागू आहे. पाणी आदल्या दिवशी सकाळपासून थोडे थोडे करून भरपूर प्यावे. शेवटच्या अर्ध्या तासात दोन तांबे रिचवून उपयोग नसतो.

आता महत्त्वाचे. जीव वाचवणे हे उपासापेक्षा मोठे आहे, आणि ही सवलत म्हणून सांगितलेली नाही, तो नियमच आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, गर्भारपण, स्तनपान, रोजची औषधे यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘पाण्याशिवाय २५ तास’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर त्यांच्याही डोळ्यांपुढे साबुदाणाच येतो. बाळंतपणानंतर पहिले तीन दिवस स्त्रीने उपास करायचा नसतो. ज्याला खाणे आवश्यक आहे त्याच्यासाठी शास्त्रात थोडे थोडे घेण्याची रीत आहे: एका वेळी सुमारे ३० मिलिलिटरहून कमी मावेल इतके अन्न, आणि दोन घासांच्या मध्ये साधारण नऊ मिनिटांचे अंतर. तेवढ्याने भागत नसेल तर नीट जेवावे. हे हझान (प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बी (धर्मगुरू) यांना आधी विचारून ठेवावे. मुलींना बारा आणि मुलांना तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर उपास बंधनकारक होतो. नऊ वर्षांखालील मुलांना उपाशी ठेवू नये, त्यापुढे नेहमीच्या खाण्याची वेळ तास-दोन तास लांबवून सवय लावतात.

डॉक्टरांनी नको म्हटल्यावरही हट्टाने उपास करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, याचा उपाय मला सापडलेला नाही. आमच्या घरी शेवटी हझानांनाच फोनवर बोलावयास लावले, तेव्हा कुठे आजीने औषध घेतले.

४. सिनेगॉगशी आधी संपर्क साधा

मुंबईत मांडवीचे शाआर हरहमीम हे सर्वांत जुने. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये स्थापन केले. आपले लोक सिनेगॉगला मशीद म्हणत, आणि जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे समाजात सांगितले जाते. याखेरीज आग्रीपाड्याचे मागेन हसीदीम, जेकब सर्कलजवळचे तिफेरेत इस्राएल, ठाण्याचे शाआर हशामाईम, पनवेलचे बेथ एल, अलिबागचे मागेन आबोथ, पुण्यात रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो आणि लाल देऊळ म्हणून प्रसिद्ध असलेले ओहेल डेव्हिड ही काही ठिकाणे. कोकणातल्या लहान गावांत स्थानिक कुटुंबे थोडी उरली आहेत, त्यामुळे तिथे त्या वर्षी पूर्ण उपासना होणार आहे की नाही, सामूहिक प्रार्थनेला लागणारा दहा जणांचा मिनयान जमणार आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील सिनेगॉगांच्या दारावर पोलिस आणि तपासणी असते. अनोळखी चेहरा ऐनवेळी दारात उभा राहिला तर त्याला थांबवले जाणारच. त्यात अपमान मानू नये. आधी विश्वस्तांशी बोलून नाव कळवा. सोबत लागणारी कागदपत्रे अशी: छायाचित्र असलेले ओळखपत्र (आधार किंवा पासपोर्ट) आणि त्याची एक छायाप्रत, परदेशी नागरिक असाल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत, शक्य असल्यास समाजातील एखाद्या ओळखीच्या व्यक्तीचा संदर्भ. दिवे लागल्यानंतर काहीही बाळगून रस्त्याने जायचे नसल्यामुळे ही कागदपत्रे आणि प्रार्थनेचे पुस्तक दुपारीच नेऊन ठेवणे सोयीचे पडते.

योम किपूरला शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, सारे नियम लागू असतात, वाहनात बसणेही त्यात आले. कल्याण-डोंबिवली-मिरा रोडला पांगलेल्या समाजात हे सगळ्यांकडून होत नाही आणि पुष्कळ जण लोकलने येतात, हे मी लपवत नाही. पण जमत असेल तर सिनेगॉगच्या जवळ नातेवाइकांकडे एक रात्र मुक्काम करा. मी आत्याकडे त्याचसाठी जाते, आणि चालत घरी परतणारी ती रात्र मला वर्षभर आठवते.

५. काय काय जवळ ठेवावे

पांढरे किंवा फिकट, सुती, सैल कपडे. पुरुषांना टोपी आणि तालित (प्रार्थनेची शाल), स्त्रियांना डोके झाकायला ओढणी किंवा पदर. महझोर, म्हणजे या दिवसाचे प्रार्थनेचे पुस्तक. हिब्रू वाचता येत नसेल तर मराठी अर्थ किंवा देवनागरीत उच्चार दिलेली प्रत मिळते का हे समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांच्या कपाटात बहुधा एखादी असतेच.

पादत्राणांनी मात्र माझा घात केला. या दिवशी चामड्याचे पायताण चालत नाही, हे मला ठाऊक होते, आणि म्हणून मी बूट घरी ठेवून मोठ्या समाधानाने कोल्हापुरी चप्पल घालून निघाले. कोल्हापुरी अस्सल चामड्याची असते, हे आत्याने जिन्यात आठवण करून दिले. उरलेला दिवस मी तिच्या मोरीतल्या रबरी सपाता घालून काढला. कापडी किंवा रबरी काहीही चालेल. चामड्याचा पट्टा किंवा पाकीट यांना ही मनाई नाही.

६. आदला दिवस: स्नान, जेवण, दिवा

तिश्रीच्या नवव्या दिवशी, म्हणजे आदल्या दिवशी, खाणे-पिणे हेही पुण्यच मानले आहे, तेव्हा दिवसभर उपाशी राहून ‘सराव’ करू नका. दुपारी नीट जेवा. संध्याकाळचे शेवटचे जेवण सूर्यास्ताच्या तासभर तरी आधी सुरू करा. भात, साधे वरण किंवा नारळाच्या दुधातला कमी मसाल्याचा कोंबडीचा रस्सा, चपाती, काकडी, कलिंगड असे काही पुरते. सुके बोंबील, लोणचे, पापड, तिखट तळलेली मासळी हे सगळे त्या रात्रीपुरते विसरा, कारण मिठाची तहान पहाटे तीनला उठवते. पोट तडस लागेपर्यंत भरूनही काही फायदा नाही.

जेवणाआधी स्नान उरका. जेवणानंतर दात घासा, कारण पुढे चूळही भरायची नाही. घरात लागणारे दिवे, पंखा, पाण्याची टाकी जे काही चालू-बंद करायचे ते आताच करा. फोन बंद करून कपाटात ठेवा आणि गजर लावला असेल तर तो काढा. कोल निद्रे या संध्याकाळच्या पठणाच्या शांततेत माझ्याच पर्समध्ये गजर वाजला होता, आणि तो बंद करणेही निषिद्ध असल्याने तो पूर्ण पाच मिनिटे वाजला.

आमच्या घरी काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल आणि त्यात वात अशा पद्धतीने दिवा लावतात. एक सणाचा, एक गेलेल्यांच्या आठवणीचा. तो दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत जळायला हवा, म्हणून तेलाचा अंदाज आदल्या आठवड्यात एकदा घेऊन बघा. पेला स्टीलच्या ताटात, पडद्यापासून दूर ठेवा. दिवा लावताना आशीर्वाद म्हटला, की सण सुरू झाला. त्यानंतर घोटभर पाणीही नाही.

७. संध्याकाळ: कोल निद्रे

वर्षातली ही एकच रात्र, जेव्हा पुरुष संध्याकाळच्या प्रार्थनेला तालित घेतात. आशीर्वाद म्हणता यावा म्हणून ते सूर्य मावळण्याआधी घ्यावे. हेखालचे, म्हणजे धर्मग्रंथ ठेवण्याच्या कपाटाचे, दार उघडते, सेफर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर आणतात आणि कोल निद्रे तीन वेळा म्हटले जाते. हे अरामी भाषेतले निवेदन असून त्यात देवापाशी केलेले नवस आणि शपथा रद्द ठरवण्याची विनंती आहे. माणसांना दिलेले शब्द त्यात येत नाहीत. उसने पैसे त्यामुळे माफ होत नाहीत. दिवंगतांसाठी हशकाबा म्हणतात, तेव्हा नावे आधी लिहून दिलेली बरी.

कुठे कुठे हेखाल उघडण्याचा किंवा सेफर उचलण्याचा मान बोली लावून देतात. हौसेने हात वर करण्यापूर्वी आकडा नीट ऐका. रक्कम त्या दिवशी द्यायची नसते, पण दिलेला शब्द पाळावाच लागतो.

८. दिवसभर

एकूण प्रार्थना पाच: रात्रीची अर्वित, सकाळची शाहरित, मग मुसाफ, दुपारची मिन्हा आणि शेवटी नेईला. मनाई पाच गोष्टींची: खाणे-पिणे, अंग धुणे, तेल वा क्रीम लावणे, चामड्याचे पायताण आणि पती-पत्नीसंबंध. सकाळी उठल्यावर बोटे पेरांपर्यंतच धुवायची. हात मळले असतील किंवा शौचाला जाऊन आलात तर तेवढे धुण्यास हरकत नाही. वास घेण्यास मनाई नाही, म्हणून आत्या चार लवंगा आणि वेलदोड्यांची डबी आदल्या दिवशीच बाकाच्या खणात ठेवते. दुपारी दोनच्या सुमारास त्या डबीची किंमत कळते.

विदुई, म्हणजे पापांची कबुली, दिवसभरात पुन्हा पुन्हा येते. ‘अशामनू’पासून सुरू होणारी ही यादी हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने जाते आणि प्रत्येक शब्दाला उजव्या मुठीने छातीवर हलकेच टकटक करतात. तिच्यातले प्रत्येक क्रियापद अनेकवचनी आहे. मराठीत त्याचे ‘आम्ही’ होईल की ‘आपण’, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो: देवाशी बोलताना ‘आम्ही’च म्हणायला हवे, पण बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे पाहिले की तो ‘आपण’ होतो. तुम्ही न केलेले पाप यादीत आले तरी गाळू नका. ते त्या खोलीत कोणी तरी केलेले असते.

सकाळी लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय वाचतात, त्यात महायाजकाची सेवा आणि दोन बोकडांचा विधी आहे. त्यापाठोपाठ यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातला जो भाग येतो तो जागे राहून ऐका. मान लववून गोणपाटावर बसणे हाच उपास का, असे तो विचारतो, आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याची गोष्ट काढतो. ऐन उपासाच्या दिवशी उपासकरूंना हे वाचून दाखवण्याची ज्यांनी योजना केली, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. मिन्हाला योनाचे पुस्तक वाचले जाते.

दोन ते चार हा कठीण काळ. भाद्रपद-आश्विनाचे ऊन असते, पंख्याखालची जागा आधीच गेलेली असते. उगीच फेऱ्या मारू नका, वाद घालू नका, आणि ‘किती वाजले’ हे दर पाच मिनिटांनी विचारू नका. चक्कर आली, घाम फुटला, बोलताना शब्द अडखळू लागले तर कोणाला तरी लगेच सांगा आणि पाणी प्या. तिथे शौर्य गाजवायचे नसते.

९. नेईला

सूर्य खाली उतरतो तेव्हा ‘एल नोरा अलिला’ हे स्तोत्र सुरू होते, आणि दिवसभर बाकांवर कलंडलेली माणसे उभी राहतात. चाल इतकी ओळखीची आहे, की ज्यांना अक्षर वाचता येत नाही तेही म्हणतात. दार बंद व्हायला आले आहे, त्या आधी क्षमा मिळू दे, एवढेच मागणे. मग शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य, वाजतो.

शोफार वाजला म्हणजे पळत सुटायचे नसते. अर्वित आणि हवदाला, म्हणजे सण संपवण्याचा विधी, उरलेले असतात. हवदालासाठी आदल्या संध्याकाळपासून जळत असलेल्या दिव्यावरूनच ज्योत घेतात, म्हणून घरचा तो दिवा विझू न देण्याचा एवढा खटाटोप. उपास सोडताना आमच्याकडे आधी काळ्या मनुकांचे सरबत आणि मग रवा-खोबऱ्याचे सारण भरलेली, करंजीसारखी पुरी. दोन घोट, एक पुरी, मग वीस मिनिटे थांबणे. पहिल्या वर्षी मी थेट बिर्याणीवर बसले. त्या रात्रीचे वर्णन नको.

१०. सिनेगॉग जवळ नसेल तर

नागपूर, बंगळुरू किंवा परदेशातल्या एखाद्या गावी एकटे असाल तर खचून जाऊ नका. १७९६ पूर्वी मुंबईतही सिनेगॉग नव्हते; आपल्या पूर्वजांकडे पुस्तके नव्हती, पाठ होता तो शेमा, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारी प्रार्थना, आणि तेवढ्यावर त्यांनी पिढ्यान्पिढ्या घराचे दार लावून हा दिवस पाळला. मिनयानशिवाय काही भाग म्हणता येत नाहीत, पण विदुई, स्तोत्रे, योना हे घरी वाचता येते. एकट्याने उपास करणाऱ्याने शेजारी कोणाला तरी सांगून ठेवावे आणि दाराला आतून कडी घालू नये. सणाचे नाव काहीही असो.

इस्राएलमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींसाठी, मग ती कोणत्याही धर्माची असोत: त्या दिवशी विमानतळ, बस, रेल्वे, दुकाने सारे बंद असते, रस्त्यांवर मोटारी नसतात आणि मुले महामार्गावर सायकली चालवतात. पाणी, दूध, औषधे आदल्या दिवशी सकाळीच घेऊन ठेवा. लोद, अश्दोद, दिमोना या गावांत बेने इस्राएल वस्ती मोठी आहे. आपल्या चालीत प्रार्थना ऐकायची असेल तर तिथले सिनेगॉग शोधा.

११. शिळा सण

दुसरा दिवस शिळ्या सणाचा. जुनी चाल अशी, की या दिवशी गरिबांना दान द्यायचे आणि आप्तांकडे भेटीला जायचे. आधी काढून ठेवलेले दान आणि सिनेगॉगमध्ये बोललेली रक्कम याच दिवशी पोचती करा, म्हणजे ती राहून जात नाही. योम किपूरनंतर पाच दिवसांनी सुक्कोथ, म्हणजे मांडवाचा सण, येतो, तेव्हा मांडवाच्या सामानाची चौकशीही आताच.

मी त्या पहिल्या वर्षी शिळ्या सणाला स्टीलच्या डब्यात आत्याने भरून दिलेल्या नऊ पुऱ्या घेऊन धाकट्या काकूंकडे गेले. काकांनी दार उघडले. काकूंनी डबा घेतला, झाकण काढून आत पाहिले, आणि ‘सारणात वेलची कमी पडली आहे’ असे म्हणून चहा ठेवायला आत गेल्या.